सांधेमोड

पूर ओसरल्यावर नवव्या दिवशी
मी हरिपुरात आलो, पंचनाम्याचे कागद घेऊन.
रकाना पहिला : घर कच्चे की पक्के.
रकाना चौथा : पाणी किती फूट चढले.
रकाना सातवा : बांधकामाचे साल, माहीत असल्यास.
बांधणाऱ्याच्या नावाला रकानाच नाही.

जिथं पूर्वी हळदीची पेवं होती
तिथं हे घर उभं आहे, गिलाव्याशिवाय,
आपल्या विटेपेक्षा बोटभर लांब विटेचं.
शेजारची सिमेंटची दोन घरं खचली होती.
हे नुसतं ओलं झालं होतं.

"गोटीबाचं घर," चिखल उपसता उपसता
सत्याप्पा वडार म्हणाला.
"गोरा गवंडी. जर्मनचा.
आमचा पणजा त्याच्या हाताखाली हुता."

गॉटलीब त्याचं नाव. आडनाव कुणालाच नीट येत नाही.
मंगळुरात कौलांच्या भट्ट्या बांधायचा,
तिथून एका हळदीच्या अडत्यानं आणला,
मिरजेपर्यंत रेल्वे, पुढं बैलगाडी,
सोबत चार हजार कौलं आणि पितळी ओळंबा.
पाया खणताना पहिल्याच आठवड्यात
त्याचा पाय जमिनीतून आरपार गेला.
खाली पेव, रिकामं,
वीस फूट पिवळा अंधार.
काठावर बसून तो म्हणे पोटभर हसला,
मग महिनाभर पेवकऱ्यांच्या मागं हिंडला,
टाच आपटून जमीन पोकळ की भरीव
हे ऐकायला शिकला.

वीट मात्र त्यानं शिकवली.
कृष्णेचा गाळ, भाताचं तूस,
एक आडवी, एक उभी,
खालच्या सांध्यावर वरचा सांधा येता कामा नये.
"जुन्या भेगंच्या डोक्यावर नवी भेग ठेवू न्हाई,"
सत्याप्पा म्हणाला. हे वाक्य गोटीबाचं,
पणज्याचं, की त्याचं स्वतःचं,
मी विचारलं नाही.

दक्षिणेची भिंत खांद्याला आली होती
तेव्हा फौजदार आला, दोन शिपाई घेऊन.
तिकडं कुठं लढाई लागली होती.
गोटीबानं थापी धुतली, धोतराच्या चिंधीनं पुसली,
"ओली ठेवली तर गंजेल" म्हणाला, मोडक्या मराठीत,
आणि मल्लूच्या हातात दिली.
नगरच्या छावणीत नेलं त्याला. पुढचं माहीत नाही.
पत्र आलं असेल तरी
वाचणारं कुणी नव्हतं.

वरचे अकरा थर मल्लू वडाराचे.
"वळखून दावा," सत्याप्पा म्हणाला.
मी टेप लावला, शिडी मागवली, बोट फिरवलं.
मल्लूच्या सांध्यात चुना केसभर जास्त,
हात उदार, किंवा भ्यालेला.
आणि एका जागी दोन उभ्या विटा शेजारी शेजारी.
चुकलं इथं, मी म्हणालो.
"चूक न्हाई. खूण हाय ती."
कशाची, ते त्यानं सांगितलं नाही.
पुराची रेघ त्या जागेपासून पुष्कळ खाली होती.
जुळली असती तर कवितेचं बरं झालं असतं.

मग उंबऱ्याचा दगड बसवायला चौघं वाकले,
सत्याप्पाच्या धाकट्यानं हाक दिली :
आइन! स्वाय! द्राय!
दगड उठला.
तुमच्या बोलीतले आकडे का?
"न्हाई सायेब, आमच्यात वकटी, रेंडू, मूडू.
हे आसंच. दगुड उचलायचं हाय."
मी सांगणार होतो.
दगड अजून अधांतरी होता, म्हणून थांबलो,
आणि मग राहूनच गेलं.

सातव्या रकान्यात लिहिलं : १९१४, अंदाजे.
नुकसान : किरकोळ.
परत निघताना, कुणी बघत नाहीसं पाहून,
रस्त्याच्या कडेला टाच आपटली.
भरीव वाटलं.
किंवा मला अजून
ऐकू येत नाही.